पाइपवाले काकाजी

होळीची राख अजून चौकातच पडलेली असते, तेव्हा काकाजी माळ्यावरून पाइप उतरवतात. हिरवा, शंभर फुटी, चार ठिकाणी सायकलच्या ट्यूबनं करकचून बांधलेला. अंगणात तो लांबच लांब पसरायचा, एका टोकाला तोंड लावून फुंकर मारायची, दुसऱ्या टोकातून गेल्या वर्षीची माती, कोळ्याचं जाळं आणि एखादं गोंधळलेलं झुरळ बाहेर पडलं की म्हणायचं, "चला, झालं सुरू." आमच्या ले-आउटमध्ये उन्हाळा त्या दिवशी लागतो. हवामान खातं काय म्हणतं ते मागाहून.

नागपूरचा उन्हाळा म्हणजे काय हे पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगून समजत नाही, म्हणून आम्ही सांगतही नाही. 23 मे 2013 या दिवशी इथं पारा 47.9 अंशांवर गेला होता. बाकीच्यांना ती तारीख पेपरात वाचल्यावर आठवते. काकाजींना ती लग्नाच्या तारखेपेक्षा पक्की पाठ आहे, असं काकू म्हणतात, आणि म्हणताना लग्नाची तारीख विचारून दाखवतात. त्या दिवशी काकाजींनी स्वतःचं उपरणं भिजवून अँथुरियमवर पांघरलं होतं. दुपारी दोनपासून चारपर्यंत दर दहा मिनिटांनी ते पुन्हा भिजवत होते. अँथुरियम गेलंच. उपरणं वाळून पापड झालं. काकाजींना स्वतःला उन्ह लागून दोन दिवस कैरीचं पन्हं आणि काकूंची बोलणी यांवर काढावे लागले.

काकाजी वीज खात्यातून निवृत्त झाले. "लाइन कधी येईल हो?" या एकाच प्रश्नाला त्यांनी तीस वर्षं फोनवर उत्तर दिलं, आणि त्या उत्तरात कधीही खरी वेळ सांगितली नाही. निवृत्तीनंतर ती सवय झाडांना लागू झाली. कंपाउंडच्या भिंतीवर, आतल्या बाजूनं, खडूनं लिहिलेलं वेळापत्रक आहे. गट अ: सकाळ-संध्याकाळ. गट ब: फक्त सकाळ. गट क: एक दिवसाआड, तेही टाकीत उरलं तर. मोगरा, जास्वंद, तुळस अ गटात. अडेनियम, कोरफड क गटात. बोगनवेल मधल्या मध्ये वशिला लावून क मधून ब मध्ये आली आणि तेव्हापासून तिनं फुलणं सोडून नुसती पानं काढली. काटेवाल्या त्या बाईला उपासच मानवतो. पण एकदा दिलेला पुरवठा तोडायचा म्हणजे आंदोलन होतं, हे काकाजींना नोकरीतच कळलेलं.

प्लॉट तीस बाय पन्नासचा. घर बांधून उरलं ते म्हणजे पुढचं अंगण, बाजूची बोळकांडी आणि मागची मोरीजवळची जागा. एवढ्यात काकाजी मोजतात तेव्हा 112 कुंड्या भरतात. काकू मोजतात तेव्हा 79. काकू झाड असलेल्याच कुंड्या मोजतात.

"यंदा अंगण रिफ्रेश करायचं आहे," हे वाक्य दर मार्चमध्ये होतं. हा शब्द त्यांनी पुण्याच्या लेकीकडून उचलला. आता कोणताही शहाणा माणूस नवी झाडं मृगाच्या पावसात लावतो. मी एकदा तसं सुचवून पाहिलं. काकाजींनी माझ्याकडे असं बघितलं, की मी जणू परीक्षेत पुस्तक उघडून लिहायला सांगितलं.

"पावसाळ्यात तर कोणीही लावते, बाबू. पावसाळ्यात छत्रीची दांडी गाडली तरी पालवी फुटते. नवतपात जगवून दाखव, मग मानतो."

नवतपा म्हणजे मे सरतानाचे भट्टीसारखे नऊ दिवस. तेव्हा मार्चमध्ये काकाजी सेमिनरी हिल्सकडच्या रोपवाटिकांत जातात. जाताना मोगऱ्याचं रोप आणायचं ठरलेलं असतं. येताना रिक्षात मांडीवर हायड्रेंजिया असतं. थंड डोंगराळ मुलखातलं झाड. तिथं हिरव्या नेटखाली, दिवसातून चारदा फवारा मिळत असल्यामुळे नव्या नवरीसारखं टवटवीत दिसतं. काकाजी वीस रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करतात, वीस रुपये वाचवतात, आणि रामनवमीपर्यंत ते झाड वाचवू शकत नाहीत. मग ती कुंडी 112 मध्ये राहते आणि 79 मधून वजा होते.

दुपार हा या बागेचा खरा कसोटीचा काळ. तळपतं उन्ह असलं की पानं माना टाकतात. मुळं जेवढं पाणी ओढतात त्यापेक्षा जास्त पानांतून उडून जातं. कुंडीतली माती ओली असली तरी झाड दोन-तीन तास मलूल होतं आणि सूर्य कलला की आपोआप उभं राहतं. हे मला सांगितलं काकाजींनीच, पुस्तक उघडून, ओळीखाली बोट धरून. पण दुपारी अडीच वाजता जास्वंदीनं मान टाकलेली खिडकीतून दिसली, की पुस्तक बंद होतं, डोक्यावर ओला टॉवेल येतो आणि काकाजी बादली घेऊन बाहेर. तहान नसलेल्या झाडाला इतकं पाणी मिळतं, की मातीतली हवाच निघून जाते आणि मुळं कुजायला लागतात.

"झोपू द्या नं त्यांना दुपारचं," काकू आतून ओरडतात. "तुम्हाला नाही झोप येत म्हणून झाडांनीही जागून राहावं कां?"

काकूंची स्वतःची बाग मागे आहे, मोरीच्या बाजूला. तिला कोणी बाग म्हणत नाही. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी जिथं सांडतं तिथं अळू. कुलर जिथं गळतो तिथं पुदिना. भिंतीच्या कडेनं गवती चहा आणि कढीपत्ता. कंपाउंडच्या भेगेतून एक सदाफुली आली आहे, जिला जन्मापासून कोणी पाणी दिलेलं नाही आणि जी बारा महिने फुललेली असते. काकाजी तिच्याकडे बघत नाहीत.

काकाजींचे प्रयोग हा वेगळाच अध्याय आहे. सगळे सांगत बसलो तर दिवाळी अंक भरेल. पण सलाइन सांगितलंच पाहिजे. कोपऱ्यावरच्या कंपाउंडरशी ओळख काढून त्यांनी रिकाम्या बाटल्या मिळवल्या, पाणी भरलं आणि काठ्यांना टांगल्या. प्रत्येक कुंडीच्या मातीत एक नळी. हे गरिबाचं ठिबक, आणि युक्ती वाईट नाही. पण काकाजी घड्याळ लावून थेंब मोजायला लागले. वीस थेंबांचा एक मिली. म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीत दहा हजार थेंब. मिनिटाला दहा सोडले तर बाटली जवळपास पावणेसतरा तास पुरते. हा हिशोब त्यांनी मला भर उन्हात गेटपाशी उभं करून समजावला, तोवर माझाच रक्तदाब खाली आला. संध्याकाळी गॅसचा सिलिंडर घेऊन आलेला पोरगा अंगणातली रांग बघून दबकला.

"काकाजी, काय झालं हो यांना?"

"डिहायड्रेशन," काकाजी म्हणाले. चेहऱ्यावर वॉर्डात राउंड घेणाऱ्या डॉक्टरांचं गांभीर्य होतं.

दुसरा प्रयोग जीवामृताचा. अमरावतीकडच्या सुभाष पाळेकरांनी सांगितलेलं मिश्रण सगळ्या विदर्भाला माहीत आहे: एकरासाठी दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, मूठभर माती, दोनशे लिटर पाणी. काकाजींची माती असलेली जागा चारशे चौरस फूट. त्यांनी त्रैराशिक मांडलं आणि स्वयंपाकघरात जाऊन काकूंकडे अठरा ग्रॅम बेसन मागितलं. काकूंनी चमच्यानं दिलं. तेवढ्या बेसनात काकाजींना आपलीच मानहानी दिसली असावी, कारण दुसऱ्या दिवशी ड्रममध्ये किलोभर बेसन होतं आणि डब्यात रविवारच्या झुणक्यापुरतंही नव्हतं. ड्रम गच्चीच्या जिन्याखाली. सकाळ-संध्याकाळ काठीनं घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं ढवळायचं. त्या वर्षी एप्रिलमध्येच पारा 44 वर होता. तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या तिघांनी गटार तुंबल्याची तक्रार केली. बघायला माणसं आली, झाकणं उघडून बसली आणि काही सापडलं नाही म्हणून परत गेली. काकाजी तोवर गेटपाशी उभे राहून त्यांना कोणत्या झाकणात बघायचं ते दाखवत होते.

मटका सिंचनाचं एवढंच सांगतो, की न रंगवलेला माठ गळ्यापर्यंत जमिनीत पुरला, भरला, तोंडावर झाकणी ठेवली, तर त्याच्या छिद्रांतून पाणी हळूहळू मुळांशी झिरपतं. काकाजींनी पुरला तो लेकीनं दिलेला, वारली चित्रांचा, चकचकीत ऑइलपेंट मारलेला. आठ दिवस त्यातलं पाणी बोटभरही उतरलं नाही. आठव्या दिवशी काकूंना माठ कुठं गेला ते कळलं.

आणि हिरवी नेट. इथं सिग्नलवर गाड्या थांबतात तिथंही उन्हाळ्यात हिरवी नेट लागते, तर काकाजींच्या अंगणाला का नको? दुकानदारानं विचारलं, पन्नास टक्के की पंचाहत्तर? म्हणजे किती उन्ह अडवायचं. फुलझाडांना पन्नासची पुरते, नुसत्या पानांच्या झाडांना पंचाहत्तरची लागते. काकाजींनी दोन्ही आणल्या आणि एकावर एक बांधल्या. खाली अंगणात असा अंधार पडला, की मोगरा गोंधळून उंच उंच व्हायला लागला. मग मेच्या एका संध्याकाळी धुळीचं वादळ आलं, अवकाळीचे चार थेंब पडले आणि नेट बांबूसकट उडून समोरच्यांच्या गच्चीवर डिशवर जाऊन बसली. तिथं आयपीएलचं शेवटचं षटक चालू होतं. ती माणसं आजही काकाजींना षटकाचा निकाल विचारतात.

एवढं सगळं असून गल्लीत काकाजींवर कोणी खरंच चिडत नाही, आणि त्याचं कारण संध्याकाळचे सात. उन्ह गेलेलं असतं, पण फरशी अजून तव्यासारखी. पंखा गरम हवा फेकतो, कुलरची ताटी सुकलेली. तेवढ्यात काकाजी नळ सोडतात आणि पाइपच्या तोंडावर अंगठा अर्धा दाबून धरतात. हे बघण्यासारखं असतं. अंगठ्याच्या एवढ्याशा हालचालीनं कधी पंखा उघडल्यासारखं पाणी पसरतं, कधी सरळ रेघ होऊन आंब्याच्या शेंड्याला लागतं. पहिलं पाणी फरशीवर पडतं तेव्हा चर्रर्र आवाज होतो आणि वाफ घोट्यापर्यंत येते. दुसरं पडतं तेव्हा मातीचा वास. तिसऱ्याला अंगण थंड. मग गल्लीतली पोरं धावत येतात. काकाजी "अरे, मोगरा तुडवाल!" म्हणत नेमका त्यांच्यावरच फवारा धरतात. मागून खुर्च्या येतात, एक बाज येते, कोणीतरी टरबूज कापतं. ओल्या अंगणात पाय ठेवून बसलं की दिवसभरात पहिल्यांदा माणसाला माणसाशी नीट बोलावंसं वाटतं. पाण्याच्या बिलाचा विषय अशा वेळी कोणी काढत नाही, काकूसुद्धा नाही.

या सगळ्या संसारात एकच दुखरी जागा होती: मागच्या भिंतीजवळचं कागदी लिंबाचं झाड. डोक्याच्या वर गेलेलं, हिरवंगार, तेलपाणी केल्यासारखी पानं. आणि चार वर्षांत एक कळी नाही. काकाजी त्याला रोज दोन बादल्या टाकत. अ गटाच्याही वरचा त्याचा मान. काटोलला त्यांच्या मोठ्या भावाची संत्र्याची बाग आहे. ते एकदा आले, झाडाकडे बघून हसले.

"याले ताण दे ना लेका. आम्ही महिना-दीड महिना पानी तोडतो, पानं गळाले लागेस्तोवर. मंग मृगाचा पानी पडला का भडभडून फुलते. पोट भरलेल्याले फुलाची काय पडली हाय?"

काकाजी संत्र्याच्या घरात जन्मले. आंबिया बहार, मृग बहार हे शब्द त्यांनी पाळण्यात ऐकलेले. पण भाऊ गेल्यावर त्यांनी झाडाला तिसरी बादली टाकली. समजूत काढल्यासारखी.

गेल्या वर्षी नातवाची मुंज पुण्याला निघाली. मुक्काम 14 मे ते 7 जून. सगळा नवतपा मधे. काकाजी जायलाच तयार नव्हते. नातू आणि मोगरा यांत त्यांनी चार दिवस काढले. शेवटी काकूंनी तिकिटं समोर ठेवली आणि काकाजी एका लांब वहीसह माझ्या दारात आले.

वहीत अंगणाचा नकाशा होता, कुंड्यांना नंबर होते. सूचना चार पानं. "क्र. 14: पाणी टाकण्याआधी बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालणे. ओलं लागलं तर टाकू नये." हा नियम स्वतः काकाजींनी कधी पाळल्याचं मी पाहिलेलं नाही. "क्र. 31: जास्वंदीवर पांढरा कापूस दिसल्यास तो पिठ्या ढेकूण होय. जुन्या टूथब्रशनं काढणे. ब्रश खिडकीत ठेवला आहे, निळा. हिरवा माझा." "क्र. 52: पक्ष्यांचं गाडगं रोज विसळणे. बुलबुलाला शिळं चालत नाही."

चोवीस दिवस मी पहाटे साडेपाचला पाइप धरून उभा राहिलो. पहिल्या आठवड्यात अंगठा दुखला, दुसऱ्यात बसला. व्हिडिओ कॉल रोज दोनदा. मुंजीच्या मंडपातून, मागे मंगलाष्टकं चालू असताना काकाजी म्हणाले, "कसा आहेस?"

"बरा आहे, काकाजी."

"तुला नाही रे विचारून राहिलो. फोन जरा मोगऱ्याकडे फिरव."

मागच्या भिंतीकडे फोन नेण्याची वेळ कधी आली नाही, कारण तिथं सिग्नल तुटायचा. आणि मी स्वतः तिकडं गेलो नाही, कारण वहीत तिकडचं काही नव्हतं. 6 जूनच्या रात्री, सगळं नीटनेटकं करून वही पुसायला घेतली, तेव्हा दिसलं की ती पहिल्याच दिवशी बादलीत पडली होती आणि तिसरं व चौथं पान एकमेकांना घट्ट चिकटलं होतं. उजेडासमोर धरून मी चौथ्या पानावरची उलटी अक्षरं वाचली. "मागे. लिंबू. रोज दोन बादल्या. विसरू नये." खाली दोन रेघा.

टॉर्च घेऊन धावलो. झाड उभं होतं म्हणायचं. पानं नळीसारखी वळलेली, निम्मी खाली पडलेली, पायाखाली चुरचुरत होती. जमिनीला भेगा. मी अंधारात सहा बादल्या ओतल्या आणि चोरासारखा घरी आलो. दुसऱ्या दिवशी काकाजी स्टेशनवरून आले, चप्पल न काढता मागे गेले आणि बराच वेळ तिथंच राहिले. वही मी परत केली. त्यांनी ती उघडली, तिसऱ्या पानाशी थांबले, मिटली. दोन आठवडे आमचं बोलणं फक्त "पाऊस लांबला" आणि "हो, लांबला" एवढंच.

पाऊस आला. जून संपता संपता एका सकाळी मागच्या बाजूनं असा वास आला, की काकू पोळी तव्यावर ठेवून बाहेर गेल्या. लिंबाला फांदी दिसत नव्हती. पांढऱ्या कळ्यांनी झाड भरलं होतं आणि मधमाश्यांची गुणगुण गेटपर्यंत येत होती. अर्धी गल्ली बघायला जमली. मी मागेच उभा राहिलो.

"यंदा मृग बहार धरला," काकाजी सांगत होते. "चोवीस दिवस पाणी तोडलं. एक थेंब नाही. नवतपात ताण द्यायला काळीज लागते, बाप्पा. आपल्या हातानं होत नाही ते. म्हणून माणूस बसवून गेलो होतो."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी फुलांकडे बघितलं.

यंदा लेकीनं पुन्हा बोलावलं आहे, मे महिन्यातच. परवा काकाजी वही घेऊन आले. तोच नकाशा, तेच नंबर, हिरवा ब्रश त्यांचाच. ते गेल्यावर मी चाळून बघितली. तिसरं आणि चौथं पान त्यांनी डिंकानं चिकटवून दिलं होतं.